अंगावरचा पुरळ आणि औषधांची रोजकीर्द

मिरजेहून कोल्हापुरास लोहमार्ग आला तो १८९१ साली, आणि त्याच्या स्थानकाला लागून छत्रपती शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी ही पेठ वसविली ती १८९५ साली. त्यामुळे ह्या पेठेचा आणि परगावच्या येजेचा संबंध तिच्या जन्मापासूनचा आहे. गुळाचे सौदे पुढे मार्केट यार्डात गेले, अडतीच्या कित्येक पेढ्यांच्या जागी दवाखाने, औषधांची दुकाने आणि लॉज आले. पण गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक देण्याची व्यापारी शिस्त टिकून राहिली, आणि स्थानकावरची वर्दळही टिकून राहिली. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईस निघणाऱ्या मंडळींत जसे व्यापारी, विद्यार्थी आणि कोर्टकचेरीच्या कामाचे लोक असतात, तसे परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीस निघालेले रुग्णही असतात, आणि काखेतील जाडजूड फाइल व तोंडावरची मुखपट्टी ह्यांवरून ते सहज ओळखू येतात. कर्करोगावरील उपचार आता कोल्हापुरातही होतात आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेने खर्चाचा भार पुष्कळांच्या शिरावरून काहीसा उतरविला आहे, हे खरे. तथापि रक्ताच्या कर्करोगातील सूक्ष्म तपासण्या, अस्थिमज्जेचे रोपण आणि अगदी नवी औषधे ह्यांसाठी मुंबई-पुण्याची वाट अनेकांना अद्याप धरावीच लागते.

ह्या व्यवस्थेतून एक अडचण उद्भवते, तिचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. औषध लिहून दिले जाते मुंबईत आणि त्याचा पुरळ उठतो शाहूपुरीत. घरातील वडीलधाऱ्यांच्या मते ती ‘औषधाची उष्णता’ असते, शेजारच्या काकूंच्या मते ‘पित्त’ असते, मेडिकल दुकानातील पोऱ्याच्या मते ती एका ट्यूबने जाण्यासारखी किरकोळ बाब असते, आणि रुग्णाच्या मनात मात्र दोनच विचार आलटून पालटून येत असतात: आजार बळावला की काय, आणि ही गोळी आता बंद करावी की काय. ह्या दोन प्रश्नांची उत्तरे कातडीकडे नुसते पाहून मिळत नाहीत. ती मिळविण्याची रीत काय, आणि त्या रीतीत रुग्णाचा व त्याच्या घरच्यांचा वाटा किती मोठा आहे, हे सर्वसामान्य वाचकाला समजावून देणे अगत्याचे वाटते.

रक्ताच्या कर्करोगावरील औषधे आणि मानवी त्वचा ह्यांचे सख्य म्हणा वा वैर म्हणा, ते नवे नव्हे. थॉमस फाउलर ह्या इंग्लिश वैद्याने १७८६ साली सोमलाचा म्हणजे आर्सेनिकचा एक द्रव प्रचारात आणला. १८६५ साली लिसाउअर ह्या जर्मन वैद्याने तो रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णास देऊन गुण आल्याचे नमूद केले, आणि त्यानंतर कित्येक दशके ह्या रोगावर दुसरे धड औषधच नव्हते. हा द्रव दीर्घकाळ घेणाऱ्यांची कातडी काळवंडे आणि तळहात-तळपायांवर चामखिळीसारखे घट्ट उंचवटे उमटत. म्हणजे रक्तरोगावरचे पहिले औषध आपली पावती कातडीवर देऊनच पुढे जात होते. पुढची गोष्ट ह्याहून विलक्षण आहे. पहिल्या महायुद्धात जो मस्टर्ड वायू सैनिकांच्या अंगावर मोठाले फोड आणीत असे, त्याच वायूने त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशीही नाहीशा होतात, असे क्रुंभार ह्या अमेरिकन विकृतितज्ज्ञाने १९१९ साली लिहून ठेविले. आणि १९४२ साली येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन ह्यांनी त्या वायूच्या कुळातील नायट्रोजन मस्टर्ड हे रसायन लसिकाग्रंथींचा कर्करोग झालेल्या रुग्णास शिरेवाटे दिले, तेव्हा आधुनिक किमोथेरपीचा आरंभ झाला. रावळपिंडीच्या लष्करी ठाण्यात १९३०च्या दशकापासून ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ह्याच वायूचे प्रयोग हिंदी शिपायांच्या कातडीवर केले होते, ही हकीकत आपल्याकडच्या वैद्यकेतिहासात क्वचितच सांगितली जाते, म्हणून तिचा येथे निर्देश करून ठेवतो.

मुंबईचा ह्या रोगाशी संबंध एका वैयक्तिक दुःखातून जुळला. सर दोराबजी टाटा ह्यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. दोराबजींनी त्यांच्या स्मरणार्थ ल्युकेमियाच्या संशोधनासाठी न्यास स्थापिला, आणि दोराबजींच्या मागे त्यांच्या नावाच्या न्यासाने १९४१ साली परळास टाटा मेमोरियल रुग्णालय उभारिले. ह्या रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागाची धुरा वसंत रामजी खानोलकर ह्यांनी वाहिली. कर्करोग आणि कुष्ठरोग हे दोन्ही त्यांच्या अभ्यासाचे विषय होते, म्हणजे पेशीच्या आतील बिघाड आणि कातडीवरील खूण ह्या दोहोंकडे पाहण्याची सवय ह्या संस्थेला तिच्या पहिल्या पिढीपासून आहे. १९८३ साली ह्याच ठिकाणी देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण झाले. परळच्या पदपथांवर, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आणि नाना पालकर स्मृती समितीच्या सदनात राहून उपचार घेणाऱ्या महाराष्ट्रातील गोरगरिबांच्या कित्येक पिढ्यांनी ह्या औषधांचे अंगावरचे परिणाम सोसले आहेत.

आता हे परिणाम होतात कसे, ते पाहू. औषधाने त्वचेला होणारा दाह स्थूलमानाने दोन निरनिराळ्या मार्गांनी येतो, आणि ह्या दोहोंतील भेद ध्यानात घेतल्यावाचून पुढचे काहीच उलगडत नाही. पहिला मार्ग सरळ इजेचा. किमोथेरपीची जुनी औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात, आणि कर्करोगाच्या पेशी जशा झपाट्याने वाढतात तशाच केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आतील अस्तरात आणि कातडीच्या तळच्या थरातही वाढणाऱ्या पेशी असतात. सायटाराबीन हे तीव्र ल्युकेमियातील मुख्य औषध मोठ्या मात्रेत दिले असता काही दिवसांनी तळहात आणि तळपाय लाल होऊन झोंबू लागतात, कधी कानांच्या पाळ्याही लालबुंद होतात. औषधाचा काही अंश घामाच्या ग्रंथींतून बाहेर पडतो आणि ह्या ग्रंथी तळहात-तळपायांवर दाट असतात, हे त्याचे एक कारण मानले जाते. मज्जारोपणापूर्वी देण्यात येणारे थायोटेपा हे औषध तर घामावाटे इतके बाहेर येते की, ते चालू असताना रुग्णास दिवसातून अनेकदा स्नान घालावे लागते आणि अंगावरच्या चिकटपट्ट्या बदलाव्या लागतात. एरवी पट्टीखाली घाम साचून नेमकी तेवढीच कातडी भाजल्यागत होते. अशा इजेत शरीराच्या प्रतिकारशक्तीचा दोष नसतो. मात्रा जितकी मोठी तितकी इजा मोठी, आणि मात्रा उतरली की बहुधा इजाही उतरते.

ह्याच सरळ मार्गाचा एक प्रकार आपल्या लोकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, म्हणून त्याजपाशी थोडे थांबू. इमॅटिनिब ह्या गोळीने क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया ह्या एके काळच्या प्राणघातक व्याधीचे रूप पालटून टाकिले. २००१ साली अमेरिकेत तिला परवानगी मिळाली आणि आज मधुमेहाची गोळी घ्यावी तशी ही गोळी वर्षानुवर्षे घेऊन संसार करणारी माणसे गावोगाव आहेत. ती स्वस्त झाली ह्याचे श्रेय मूळ कंपनीच्या पेटंटाची मागणी फेटाळणाऱ्या १ एप्रिल २०१३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालासही जाते. न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई ह्यांच्या पीठाने तो दिला, आणि ती लढत देणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था होती. आता ही गोळी कर्करोगाच्या पेशीतील ज्या दोषी प्रथिनाला जखडते, त्याबरोबरच किट नावाच्या आणखी एका प्रथिनालाही जखडते, आणि कातडीला रंग देणाऱ्या पेशींना तर ह्या किटवाचून चालत नाही. परिणामी गोळी सुरू झाल्यानंतर काही महिन्यांत रुग्णाचा वर्ण उजळू लागतो. कोणाचा सर्वांगाने, कोणाचा चेहऱ्यावर वा हातांवर डागाडागांनी. गोऱ्या युरोपियनात हा फरक डोळ्यांत भरत नाही. सावळ्या माणसात तो चार पावलांवरून दिसतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील वैद्यांनी २००४ साली आपल्या रुग्णांत तो पद्धतशीरपणे नोंदवून प्रसिद्ध केला.

वैद्यकाच्या दृष्टीने हा फिकेपणा निरुपद्रवी आहे, मात्रा उतरवली वा औषध थांबले की तो पुष्कळदा ओसरतोही. परंतु आपल्या समाजाच्या दृष्टीने तो निरुपद्रवी नाही. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना वडिलांच्या हातावर पांढरे डाग दिसले की ‘घराण्यात कोड आहे’ अशी कुजबुज सुरू होते, आणि ल्युकेमियाची बातमी लपवून ठेविलेल्या घराला त्या कुजबुजीचे निरसन करण्यासाठी अधिक अवघड गोष्ट उघड करावी लागते. मग काही जण गोळी एक दिवसाआड घेऊ लागतात. माझ्या मते ह्या औषधाच्या साऱ्या दुष्परिणामांत अत्यंत घातक जर कोणता असेल तर तो हाच, कारण कातडीवर तो काही करीत नाही, पण गोळी सुटते, आणि गोळी सुटली की दबलेला रोग डोके वर काढतो. वैद्याने पहिल्याच दिवशी ‘तात्या, ह्या गोळीनं रंग जरा उजळेल, घाबरू नका, ते कोड नव्हे’ एवढे वाक्य उच्चारले असते, तर हे सारे टळले असते. डोळ्यांभोवती सकाळी येणारी सूज आणि गोळीच्या आरंभीच्या आठवड्यांत उठणारा खाजरा पुरळ, हे ह्याच गोळीचे आणखी दोन परिचित परिणाम होत. ते बहुधा सौम्य असतात.

दुसरा मार्ग प्रतिकारशक्तीचा आहे आणि तो अधिक गूढ आहे. येथे औषधाचा कण शरीरातील एखाद्या प्रथिनाला चिकटतो, अथवा टी-पेशींच्या ग्राहकावर थेट बसतो, आणि त्या पेशी आपल्याच कातडीला परकी समजून तिजवर चाल करतात. ही तयारी होण्यास काळ लागतो. म्हणून गोवरासारखा दिसणारा नेहमीचा औषधी पुरळ औषध सुरू झाल्यावर साधारणतः एक ते दोन आठवड्यांनी उठतो, आणि पूर्वी कधी त्याच औषधाने तो उठला असेल तर मात्र दुसऱ्या वेळी एक-दोन दिवसांतच. त्याचे अधिक उग्र रूप दोन ते आठ आठवड्यांनी येते, ज्यात ताप, चेहऱ्यावर सूज, गाठी, यकृताचा दाह आणि रक्तात इओसिनोफिल पेशींची वाढ असे सारे एकत्र येते. सर्वांत भीषण रूप म्हणजे कातडी सुटून येणे. १९२२ साली स्टीव्हन्स आणि जॉन्सन ह्या न्यूयॉर्कच्या वैद्यांनी दोन मुलांत ते वर्णिले, आणि १९५६ साली लायेल ह्यांनी त्याचा आणखी उग्र प्रकार वर्णिला, ज्यात अंगाच्या तीस टक्क्यांहून अधिक भागाची कातडी भाजल्यासारखी निघून येते. हा आजार दुर्मीळ आहे. पण झालाच तर अतिदक्षता विभागावाचून गत्यंतर नसते, आणि मूळचा कर्करोग असणे ही गोष्ट त्यात धोका वाढविणारी म्हणून गणली जाते.

आणि येथे एक बाब अशी आहे की, ती ऐकून बहुतेक रुग्ण चकित होतात. अंगावर उठलेल्या पुरळाचा दोष नेहमीच कर्करोगाच्या औषधाकडे नसतो. ल्युकेमियाचा उपचार सुरू होताच एकदम फुटणाऱ्या पेशींतील युरिक आम्लाने मूत्रपिंडे तुंबू नयेत म्हणून जे ॲलोप्युरिनॉल दिले जाते, ते वरील भीषण प्रकारांच्या परिचित कारणांपैकी एक आहे. फुप्फुसाच्या एका विशिष्ट जंतूपासून बचाव व्हावा म्हणून आठवड्यातून ठरावीक दिवशी दिली जाणारी सल्फायुक्त कोट्रायमोक्साझोलची गोळी दुसरे. फेफऱ्यावरील काही औषधे, जंतुनाशके आणि बुरशीवरील औषधे ही आणखी पुढची. बुरशीवरचे व्होरिकोनाझोल दीर्घकाळ घेणाऱ्याची कातडी कोल्हापूरच्या एप्रिलातील उन्हात करपते. ज्याला आपण मोठा गुन्हेगार समजून पकडू पाहतो तो निर्दोष आणि त्याच्याबरोबर आलेला गरीब चेहऱ्याचा सोबती दोषी, असे येथे वारंवार घडते.

ह्याचे प्रत्यक्ष दर्शन व्हावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेतो. शाहूपुरीच्या तिसऱ्या गल्लीत राहणारे, अडतीच्या पेढीवर अठ्ठावीस वर्षे जमाखर्च लिहिलेले एक गृहस्थ आहेत असे समजू. पाठदुखीच्या निमित्ताने मल्टिपल मायलोमा म्हणजे मज्जेतील प्रथिननिर्मात्या पेशींचा कर्करोग निघाला, मुंबईस उपचार ठरला, आणि लेनालिडोमाइड ही गोळी, पोटाच्या कातडीखाली घेण्याचे बोर्टेझोमिब हे इंजेक्शन, आठवड्यातून एकदा डेक्सामेथासोन, नागीण होऊ नये म्हणून असायक्लोव्हिर, शिरांत गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन, आणि वर सांगितलेल्या कोट्रायमोक्साझोल व ॲलोप्युरिनॉल ह्या दोन गोळ्या, असा सारा लवाजमा घेऊन ते गावी आले. अकराव्या दिवशी छातीवर आणि पाठीवर बारीक लाल-तपकिरी पुरळ उठला, कंड सुटला. सुनेने कडुलिंबाचा पाला उकळून पाणी काढले, मुलाने दुकानातून ट्यूब आणली, आणि रात्री गृहस्थांनी लेनालिडोमाइडची गोळी, सर्वांत महाग आणि म्हणून सर्वांत संशयास्पद, कपाटात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी ते गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न कातडीविषयी विचारलाच नाही.

‘अण्णा, पेढीवर रोजकीर्द कोण लिहायचं?’

‘मीच की. अठ्ठावीस वर्षं.’

‘मग ह्या गोळ्यांची रोजकीर्द कुठाय?’

व्यापारी पेढीत ज्याप्रमाणे प्रत्येक रक्कम ज्या दिवशी आली त्या दिवसाच्या पानावर, क्रमाने आणि खाडाखोड न करता, लिहिली जाते आणि वर्षअखेरीस कोणत्या खात्यात खोट आली हे त्या पानांवरून शोधता येते, तद्वत औषधाच्या पुरळाचा छडा लावण्याचे मुख्य साधन तारीखवार नोंद हेच आहे. कोणती गोळी कोणत्या दिवशी सुरू झाली, मात्रा किती, कोणती थांबविली, पुरळ प्रथम कोठे आणि केव्हा दिसला, ताप होता का, ह्याच औषधाने पूर्वी कधी काही झाले होते का, आणि मध्येच डोकेदुखीवर दुकानातून कोणती गोळी घेतली: एवढे एका वहीत असले की निम्मा तपास झाला. १९८१ साली नारांजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तपासासाठी दहा प्रश्नांची एक गुणपत्रिका तयार केली, ती आजही जगभर वापरली जाते. नऊ वा अधिक गुण पडले तर औषधाचा दोष निश्चित, पाच ते आठ पडले तर संभवनीय. त्या दहांतील पुष्कळ प्रश्नांची उत्तरे तारखांवाचून देताच येत नाहीत.

अण्णांच्या बाबतीत अकरा दिवसांचा हिशेब लेनालिडोमाइड, कोट्रायमोक्साझोल आणि ॲलोप्युरिनॉल ह्या तिघांकडेही बोट दाखवितो. पोटावरील इंजेक्शनच्या जागेचे लाल चकंदळ निराळे. ते तेवढ्याच जागी राहते आणि त्याची चिंता करण्याचे कारण नसते. पुरळ किती पसरला हे मोजण्याची एक सोपी रीत डॉक्टरांनी वापरली: रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाच्या कातडीचा सुमारे एक टक्का. दहा तळहातांपेक्षा कमी जागा व्यापणारा पुरळ सौम्य, दहा ते तीस मध्यम, आणि तीसच्या पलीकडे तीव्र, अशी ढोबळ वर्गवारी कर्करोगाच्या उपचारांत सर्वत्र चालते. मग त्यांनी तोंड उघडायला लावून आत पाहिले, डोळे पाहिले, कातडी दाबून दुखते का विचारले, आणि रक्त तपासणीस पाठविले. तोंडात वा डोळ्यांत फोड, कातडीत खाजेऐवजी आगीसारखी वेदना, चेहऱ्यावर सूज, ताप, सुटू पाहणारी कातडी, ह्यांपैकी एकही खूण असती तर त्यांनी अण्णांना घरी पाठविलेच नसते, रातोरात कोल्हापूरच्या सी. पी. आर. रुग्णालयात किंवा तसल्या मोठ्या ठिकाणी धाडले असते. येथे एक सूचना आवश्यक आहे. वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतील चित्रे बहुधा गोऱ्या कातडीवरची असतात. आपल्या कातडीवर लाली लाल दिसत नाही, ती जांभळट, तपकिरी वा नुसती गडद दिसते, म्हणून ‘लाल नाही, म्हणजे विशेष नाही’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे.

फोटो आणि नोंदी मुंबईस पाठवून निर्णय झाला तो असा, की कोट्रायमोक्साझोल आणि ॲलोप्युरिनॉल ह्यांना पर्याय आहेत, सबब ती दोन्ही कायमची थांबवावीत. लेनालिडोमाइड तात्पुरती थांबवावी आणि पुरळ विरल्यावर कमी मात्रेने पुन्हा सुरू करून पाहावी. ह्या औषधाने येणारा सौम्य पुरळ पुष्कळदा अशा रीतीने निभावून नेता येतो. एखादे औषध अगदी अपरिहार्यच असेल तर अत्यल्प मात्रेपासून पायरीपायरीने वाढवीत शरीराला त्याची सवय करण्याचाही मार्ग आहे. परंतु ज्याने एकदा कातडी सोलून काढली आहे असे औषध पुनः कदापि द्यावयाचे नाही, हा नियम मात्र अपवादरहित आहे. म्हणूनच त्या औषधाचे नाव फाइलच्या पहिल्या पानावर, तांबड्या शाईने, रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत लिहून ठेवण्याचा प्रघात पडला पाहिजे. आपल्या रुग्णालयांच्या केसपेपरांवर इंग्रजी आद्याक्षरांची जी गर्दी असते, ती रुग्णाच्या हातात असूनही त्याला उपयोगी पडत नाही. हा कारभार बदलण्यास पैसा लागत नाही, इच्छा लागते.

कडुलिंबाचे पाणी आणि ट्यूब ह्यांविषयी डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितले पाहिजे. ज्याच्या पांढऱ्या पेशी उपचारांनी खाली गेल्या आहेत, त्याच्या ओरखडलेल्या कातडीवर उकळून निवविलेले झाडपाल्याचे पाणी ओतणे म्हणजे जंतूंना दार उघडून देणे होय. ट्यूबचे प्रकरण निराळे आहे. दाहावर स्टिरॉइडचे मलम हाच योग्य उपाय अनेकदा असतो आणि डॉक्टरही तेच लिहून देतात. पण दुकानातून आणलेल्या ट्यूबेत पुष्कळदा स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक ह्यांची खिचडी असते, ती नागिणीच्या फोडांवर चोपडली तर नागीण भडकते आणि चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली तर कातडी कागदासारखी पातळ होते. केंद्र सरकारने २०१८ साली अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज विकण्यास मनाई केली. नियम आहे, अंमल किती आहे हे कोणत्याही दुकानाच्या फळीपाशी पाच मिनिटे उभे राहिल्यास कळते.

डॉक्टरांपुढील खरे कठीण कोडे हे की, रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या अंगावर उठणारी प्रत्येक गोष्ट औषधानेच उठते असे नव्हे. प्लेटलेट खाली गेल्या की पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके येतात, आणि ते काचेच्या पेल्याने दाबले तरी फिके होत नाहीत. ल्युकेमियाच्या पेशी स्वतःच कातडीत येऊन गाठी करू शकतात. किमोनंतर पांढऱ्या पेशी परत वाढू लागतात त्या दिवसांत एक तात्पुरता पुरळ येतो आणि आपोआप जातो. त्यावर औषधे बंद करणे म्हणजे फुकटची शिक्षा. मज्जारोपणानंतर तळहात, तळपाय आणि कान ह्यांवर उठणारा पुरळ हा दात्याच्या पेशींनी यजमानावर केलेल्या हल्ल्याचा पहिला इशारा असू शकतो. रॉबर्ट स्वीट ह्या इंग्लिश वैद्याने १९६४ साली वर्णिलेला एक विकार तर असा आहे, की एकाएकी ताप येऊन मानेवर, हातांवर दुखऱ्या, फुगीर, लालसर गाठी उठतात. त्याचे कारण कधी ल्युकेमिया स्वतः, कधी पांढऱ्या पेशी वाढविण्याचे इंजेक्शन, आणि कधी ल्युकेमियाच्या एका विशिष्ट प्रकारात दिले जाणारे ट्रेटिनॉइन. दिसायला तो जंतुसंसर्गासारखा, जंतुनाशकांनी मात्र हलत नाही, आणि स्टिरॉइड दिले की एक-दोन दिवसांत ओसरू लागतो. क्रॉनिक लिम्फोसिटिक ल्युकेमियाच्या रुग्णाला डास चावला तरी त्याची मोठी फोडासारखी गाठ उठते. पंचगंगेकाठच्या पावसाळ्यात असा रुग्ण औषधाला दोष देऊ लागला तर त्याला बोल लावता येत नाही. अशा वेळी कातडीचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, एवढाच मार्ग उरतो. प्लेटलेट कमी असल्या तरी योग्य काळजी घेऊन तो बहुधा काढता येतो, तेव्हा ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ ह्या समजुतीला थारा देऊ नये.

नवी औषधे आली म्हणजे कातडीची तक्रार संपली, असेही नाही. मायलोमावरील टाल्केटामॅब हे औषध, ज्याला अमेरिकेत २०२३ साली परवानगी मिळाली, ज्या खुणेवरून कर्करोगाची पेशी ओळखते ती खूण नखांच्या आणि तळव्यांच्या कातडीतही असल्याने तळहातांची साले निघतात, नखे ठिसूळ होतात आणि जिभेची चव जाते. मुंबईच्या आय. आय. टी. आणि टाटा स्मारक केंद्राने मिळून विकसित केलेला नेक्सकार-१९ हा पेशी-उपचार, ज्यास ऑक्टोबर २०२३मध्ये देशात परवानगी मिळाली आणि ज्याचे लोकार्पण राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ह्यांनी ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत केले, त्याचे मुख्य धोके निराळे आहेत, ताप आणि रक्तदाबाचे. तरी त्या रुग्णांच्याही सोबत जंतुनाशकांची आणि प्रतिबंधक गोळ्यांची तीच यादी चालते, आणि पुरळाचा संशय पुन्हा त्याच यादीवर येतो.

अशा घटनांची नोंद देशपातळीवर व्हावी म्हणून भारत सरकारने २०१० साली औषधदक्षता कार्यक्रम सुरू केला. त्याचे राष्ट्रीय केंद्र २०११पासून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे, आणि तेथील नोंदी पुढे स्वीडनमधील उप्साला येथील जागतिक संग्रहात जातात. थॅलिडोमाइडच्या १९६१च्या अनर्थानंतर उभ्या राहिलेल्या ह्या जागतिक व्यवस्थेत आज मायलोमासाठी त्याच थॅलिडोमाइडच्या आणि त्याच्या भावंडाच्या, लेनालिडोमाइडच्या, पुरळांचीही नोंद होते. एका कोल्हापुरी रुग्णाची हकीकत त्या संग्रहात पोहोचली, तर सावळ्या कातडीवर हे परिणाम कसे दिसतात ह्याविषयीचे अज्ञान तेवढे कमी होईल. नोंद करण्यास डॉक्टर असावे लागत नाही. रुग्ण, त्याचा मुलगा, परिचारिका वा औषधविक्रेता, कोणीही ती करू शकतो. ग्राहकांसाठीचा छापील नमुना मराठीतही आहे, आणि वहीतील तारखा समोर ठेवून १८००-१८०-३०२४ ह्या विनामूल्य क्रमांकावर दूरध्वनीनेही ती देता येते.